हातात धरायच्या यंत्रावर खेळ करायचाय: आर्डुबॉय, प्लेडेट, गेम बॉय ॲडव्हान्स की स्टीम डेक?

अपूर्णांक

मंडळी, आधी कबुलीजबाब. माझ्या संगणकावर ‘खेळ’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात अकरा उपफोल्डर आहेत आणि पूर्ण झालेला खेळ एकही नाही. दिवसभर बिलिंगच्या सॉफ्टवेअरची डागडुजी करतो, रात्री दीडेक तास मोकळा मिळतो. तेवढ्यात गोडो (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, नवा प्रोजेक्ट सुरू करायचा. पहिल्या आठवड्यात पात्र उड्या मारायला लागतं, दुसऱ्या आठवड्यात त्याला सावली येते, तिसऱ्या आठवड्यात मी मेनूला कुठला फॉन्ट शोभेल या विचारात बुडालेला असतो. चौथा आठवडा आजवर उजाडलेला नाही.

बारावा खेळ डोक्यात आहे. एक उंदीर, एक तळघर, उंदराच्या हातात दिवा. तेल संपत जातं तसं उजेडाचं वर्तुळ आकसतं, आणि तेवढ्या उजेडात किल्ली शोधून दार गाठायचं. तीस खोल्या. शत्रू नाहीत, संवाद नाहीत, दुकान नाही, काही नाही. अट एकच: तो हातात मावणाऱ्या, खऱ्या बटणांच्या यंत्रावर चालला पाहिजे. मोबाइलच्या काचेवरची बटणं मला दिसतात, पण बोटाला लागत नाहीत.

सवयीप्रमाणे तक्ता केला. आर्डुबॉयची रॅम अडीच किलोबाइट, गेम बॉय ॲडव्हान्सची २५६ अधिक ३२ किलोबाइट, प्लेडेटची १६ मेगाबाइट, स्टीम डेकची १६ गिगाबाइट. तक्त्यात डेक बाकीच्यांना खिशात घालतो. प्रत्यक्षात खिशात न जाणारा तेवढा तोच. तक्ता बघून आणखी गोंधळ उडाला. म्हणून ताकद विचारत नाही. तुमचा स्वतःचा खेळ कशावर पूर्ण झाला आणि मध्ये घोडं कुठे अडलं, तेवढं सांगा. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी सी चांगली येते, लुआ कामापुरती. असेंब्लीच्या वाटेला गेलो नाही, सोल्डरिंगला हात लावणार नाही.

दोन_किलोबाइट

आर्डुबॉयवर दोन खेळ पूर्ण केलेत. अर्धवट राहिलेले आहेत, पण अकरा नाहीत.

आत एटीमेगा३२यू४ चिप आहे, १६ मेगाहर्ट्झची. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, त्यातला वाटा बूटलोडर (नवा खेळ आत भरून घेणारा छोटा प्रोग्राम) खातो, हातात साधारण २८ उरतात. रॅम २,५६० बाइट. पडदा १२८ बाय ६४, काळा-पांढरा, म्हणजे पडद्याची एक प्रत ठेवायलाच १,०२४ बाइट गेले. उरलेल्या दीड हजारात यूएसबीचा कोड, लायब्ररी, स्टॅक (चालू फंक्शनांची तात्पुरती जागा) आणि तुमचा उंदीर, असा सगळा संसार मांडायचा.

माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो, कारण तुमचंही तिथेच अडणार आहे. माझ्या पहिल्या खेळात आठ खोल्या होत्या. १६ बाय ८ चौकोनांची एक खोली, चौकोनाला एक बाइट, म्हणजे खोलीला १२८ बाइट. साधा कॉन्स्ट ॲरे (न बदलणारी यादी) केला आणि निवांत झालो. कंपायलरनं कुरकुर केली नाही. खेळ चालायचा, पण दारातून गेलं की कधी पडद्याच्या तळाशी पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटायची, कधी यंत्र गपकन पहिल्यापासून सुरू व्हायचं. दोन रात्री मी चित्र काढायच्या कोडमध्ये चूक शोधली. चूक तिथे नव्हतीच. या चिपवर ॲरेला नुसतं कॉन्स्ट म्हटलं तरी तो उचलून रॅममध्ये ठेवला जातो. प्रोग्मेम लिहून ‘फ्लॅशमध्येच राहा’ असं बजावावं लागतं आणि वाचायलाही वेगळं फंक्शन वापरावं लागतं. आठ खोल्यांचे १,०२४, पडद्याचे १,०२४, वर लायब्ररी. मग स्टॅकला पाय पसरायला जागा कुठली? तो सरळ पडद्याच्या प्रतीवर येऊन बसला. ते पांढरे ठिपके म्हणजे माझ्याच फंक्शनांचे परतीचे पत्ते होते.

तुमच्या तीस खोल्या त्या हिशेबानं ३,८४० बाइट होतात, अख्ख्या रॅमपेक्षा जास्त. पण भिंत आहे की नाही, हा एका बिटाचा प्रश्न आहे. बिटांत भरा, खोली १६ बाइटांत मावते आणि तीस खोल्या ४८० बाइटांत. वर प्रोग्मेम लावा, म्हणजे रॅमला धक्काही नाही.

उजेडाच्या वर्तुळासाठी वर्गमूळ काढत बसू नका. आडव्या आणि उभ्या अंतराच्या वर्गांची बेरीज घ्या आणि त्रिज्येच्या वर्गाशी ताडून बघा. आणि सगळा पडदा मोजू नका. पडद्यावर ८,१९२ पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका पिक्सेलच्या वाट्याला प्रोसेसरची जेमतेम ३२ चक्रं येतात आणि बाकी खेळाला काही उरत नाही. त्रिज्या २४ असेल तर वर्तुळाभोवतीच्या चौकटीत २,४०१ पिक्सेल आहेत. तेवढेच तपासा, बाकी सगळं काळंच आहे.

जाता जाता: तिथे इंट (साधा पूर्णांक) १६ बिटांचा असतो. माझ्या खेळात एकाला ३२,७६७ गुण झाले आणि पुढच्या गुणाला तो जगातला सर्वात वाईट खेळाडू ठरला. आणि ईईप्रॉममध्ये (यंत्र बंद केलं तरी टिकणाऱ्या साठवणीत) दर फ्रेमला काही साठवू नका. एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिता येते. सेकंदाला ६० वेळा बदलती किंमत लिहिलीत तर अठ्ठावीस मिनिटांत तिचं आयुष्य संपलं. खोली संपली की लिहा. पहिले १६ बाइट यंत्राच्या स्वतःच्या कामाचे आहेत, तिथे हात घालू नका.

तुमच्या फॉन्टच्या आजारावर इथे औषध आहे: लायब्ररीत फॉन्ट एकच येतो.

फिरकी

प्लेडेटच्या बाजूनं बोलायला कुणीतरी हवंच, मी बोलते. तुमचा खेळ वाचून पहिल्यांदा डोळ्यासमोर आला तो त्याचा दांडा. यंत्राच्या उजव्या कुशीतून निघतो आणि गरागरा फिरवता येतो. दांडा फिरवला की दिव्यात तेल चढतं! मागच्या फ्रेमपासून किती अंश फिरला ते एका फंक्शनमध्ये मिळतं, ऋण आला म्हणजे उलटा फिरवला. उलटा फिरवला तर वात खाली, उजेड कमी, तेलाची बचत. तुम्ही लिहिलेला खेळ मला तरी याच यंत्रासाठी सुचलेला वाटतो.

पण दांडा उजव्या हातात गेला की ए आणि बी बटणं त्याच हाताची. एका वेळी एकच काम होतं. मी एका खेळात ‘दांडा फिरवता फिरवता ए दाबा’ असं ठेवलं होतं. सिम्युलेटरवर उंदराच्या म्हणजे संगणकाच्या माउसच्या चाकानं दांडा फिरवायचे आणि कीबोर्डवर ए दाबायचे, छान जमायचं. यंत्र हातात आल्यावर कळलं की त्या खेळाला तीन हात लागतात. सगळी रचना बदलली: चालणं डाव्या अंगठ्यानं, दांडा उजव्या हातानं, ए-बी फक्त थांबलेलं असताना.

सिम्युलेटर आणि एसडीके (खेळ बनवायची साधनं) फुकट आहेत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात, त्यामुळे यंत्र न घेताही सुरुवात होते. हे वरदान आहे आणि सापळाही. सिम्युलेटर तुमच्या संगणकाच्या वेगानं पळतो, यंत्रात १६८ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स एम७ आहे. माझ्या खेळात धूळ उडायची. धुळीच्या प्रत्येक कणासाठी दर फ्रेमला मी लुआचं नवं टेबल करायचे आणि टाकून द्यायचे. संगणकावर ३० फ्रेम, हातात कशाबशा अकरा, आणि मधूनच एक आचका. तो आचका म्हणजे लुआ माझा कचरा उचलत होती. पन्नास कण एकदाच तयार करून तेच फिरवून फिरवून वापरायला लागले, तेव्हा गाडी रुळावर आली. लुआत जे फारच सावकाश वाटेल तेवढंच सीत लिहिता येतं. मला तशी गरज एकदाच पडली.

पडदा ४०० बाय २४०, काळा-पांढरा, अतिशय रेखीव. नुसती पडद्याची एक प्रत १२,००० बाइटांची, म्हणजे दोन_किलोबाइट यांच्या अख्ख्या रॅमच्या साडेचारपटीहून जास्त. राखाडी हवा असेल तर ठिपक्यांची जाळी काढावी लागते आणि जाळीचं अंग असलेलं पात्र एकेक पिक्सेल सरकलं की चमचम करतं, डोळ्यांना सोसत नाही. उंदीर पांढराशुभ्र ठेवा, भोवती काळी रेघ. जाळी फक्त न हलणाऱ्या भिंतींना आणि उजेडाच्या कडेला.

आणि हो, पडद्याला मागून उजेड नाही. रात्री दिवा लावूनच खेळावं लागतं. तुमच्या खेळात ते शोभून दिसेल म्हणा, उंदराला दिवा आणि खेळणाऱ्यालाही दिवा.

अपूर्णांक

दांड्यानं तेल चढवायचं वाचून रात्री झोप आली नाही. हे फार वाईट लक्षण आहे. याआधी अकरा वेळा असंच झालं होतं.

@फिरकी, उजेडाची कड जाळीनं विरळ करत नेली तर वर्तुळ हलताना तीही चमचमणार ना?

फिरकी

हो, जाळी वर्तुळाला चिकटवलीत तर चमचमेल. जाळी पडद्याला चिकटवा. नक्षी जागची हलू द्यायची नाही, फक्त तिचा कुठला भाग दिसतो ते वर्तुळ ठरवेल. मग कड सरकते, ठिपके जागेवरच राहतात.

व्हीब्लँक

गेम बॉय ॲडव्हान्स २००१ चा. धंद्याच्या दृष्टीनं कधीच निवृत्त झालेला, त्यामुळे यापुढे त्यात काही बदलणार नाही. हौशी माणसाला याहून मोठं सुख नाही. माझा चार वर्षांपूर्वीचा कोड आजही त्याच यंत्रावर, त्याच वेगानं चालतो.

अपूर्णांकराव, तुमचं वर्तुळ इथे जवळजवळ आयतं मिळतं. स्प्राइटचा (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राचा) एक वेगळा प्रकार आहे, ऑब्जेक्ट विंडो. तो स्प्राइट स्वतः दिसत नाही, त्याचा आकार खिडकीसारखा वापरला जातो: आकाराच्या आत कुठले थर दाखवायचे आणि बाहेर कुठले, ते एका रजिस्टरात (हार्डवेअरच्या ठरलेल्या जागेत) सांगायचं. ६४ बाय ६४ चा एक भरीव गोल काढा, त्याला ऑब्जेक्ट विंडो करा, आत तळघर दाखवा, बाहेर काहीच नको. स्प्राइट लहान-मोठा करायची सोय हार्डवेअरमध्येच आहे, त्यामुळे तेल कमी झालं की मॅट्रिक्समधले दोन आकडे बदलायचे. प्रोसेसर एकही पिक्सेल तपासत नाही. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खेळ बाजूला ठेवून तासभर नुसतं भोक लहान-मोठं करत बसलो होतो.

अडचणी वेगळ्या जातीच्या आहेत. प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७, त्याला भागाकाराची सूचना नाही आणि दशांशाचं हार्डवेअरही नाही. फ्लोट (दशांशाचा आकडा) लिहिलात तर चालतं, पण रांगत चालतं. सगळं पूर्णांकांत करायचं, खालचे आठ बिट अपूर्णांकासाठी राखून. (तुमचं नाव इथे उपयोगी पडेल.) शिवाय रॅम दोन घरांत वाटलेली आहे: ३२ किलोबाइटचं घर चपळ, २५६ किलोबाइटचं मंद. सारखं चालणारं फंक्शन चपळ घरात हलवलं की त्याच कोडचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. आणि स्प्राइटची यादी बदलायची ती पडदा रंगवून झाल्यावर, पुढची फेरी सुरू व्हायच्या आतल्या फटीत. माझं नाव त्या फटीवरून आलंय.

माझी फजिती साठवणुकीत झाली. खेळाची प्रगती एसरॅममध्ये (कार्ट्रिजमधल्या साठवणीत) ठेवायला मेमकॉपी हे नकल करणारं तयार फंक्शन वापरलं. तेव्हा मी वापरत होतो त्या एम्युलेटरवर (संगणकावर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सगळं ठणठणीत. खऱ्या यंत्रावर खेळ बंद करून चालू केला, तर नवव्या खोलीतला खेळाडू कुठल्या कुठे, भिंतीच्या आत. एसरॅमची वाट ८ बिटांची आहे. ३२ बिट एकदम ढकलले तर एकच बाइट आत जातो, बाकीचे हवेत. एकेक बाइट हातानं लिहिणारा तीन ओळींचा लूप टाकला आणि प्रश्न मिटला. एवढं मला कळायला तीन आठवडे लागले, कारण मी खऱ्या यंत्रावर तीन आठवड्यांतून एकदा तपासायचो. ती सवय लावून घेऊ नका.

सी++ चालत असेल तर बुटानो लायब्ररी घ्या, सीच हवी असेल तर डेव्हकिटएआरएम हा कंपायलर आणि लिबटॉन्क ही लायब्ररी. तपासायला एमजीबीए एम्युलेटर.

सर्वात मोठा फायदा शेवटी सांगतो: खेळणारी माणसं मिळतात. प्लेडेटचा खेळ ज्याच्याकडे प्लेडेट आहे त्याच्यासाठी. इथे तुम्ही एक फाइल देता, ती संगणकावर चालते, मोबाइलवर चालते, मियू मिनीसारख्या लिनक्सच्या छोट्या यंत्रांवर चालते. त्यांचा पडदा ६४० बाय ४८० आणि आपला २४० बाय १६०, पूर्ण रुंदी भरली तर २.६७ पट होतं आणि पिक्सेल काही जाड, काही बारीक दिसतात. लोकांना सांगा, बरोबर दुप्पट ठेवा आणि कडेचा काळा पट्टा सोसा. तळघरच आहे, कुणाला कळणार नाही.

टोकनभर

मग लगेच पिको-८ (सॉफ्टवेअरमधलंच काल्पनिक खेळयंत्र) का नाही? १२८ बाय १२८, १६ रंग, लुआ, चित्र आणि आवाज काढायची साधनं आतच. तेही तसल्या लिनक्स यंत्रांवर चालतं. मर्यादा ८,१९२ टोकनांची (कोडमधल्या शब्द-चिन्हांची) आहे, तीस खोल्यांच्या उंदराला पुरून उरेल.

दोन_किलोबाइट

@टोकनभर, वाईट नाही. पण त्यात नक्षी काढायला १६ रंग आहेत आणि विचारणारा कोण आहे ते बघा.

डेकवाला

मी तुमच्याच पंथाचा, म्हणून थोडक्यात. स्टीम डेकवर डेस्कटॉप मोड आहे, त्यात गोडो थेट उघडतो, कीबोर्ड जोडला की तिथेच कोड लिहून तिथेच खेळता येतं. तुमचं वर्तुळ म्हणजे गोडोतला तयार दिवा पॉइंटलाइट२डी, दहा मिनिटांचं काम. मीही तेच केलं. मग उजेडाला थरथर दिली, मग भिंतींना खडबडीतपणा, मग धूर. तीन महिने झाले, माझ्या तळघरात अजून एकच खोली आहे. धूर मात्र बघण्यासारखा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: डेकच्या स्टीमओएसची मूळ फाइल व्यवस्था फक्त वाचण्यापुरती खुली असते. मी कुलूप काढून पॅकमन या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनानं कंपायलर बसवला, पुढच्या अपडेटला तो गायब. चूक माझीच, तसं होणार हे आधी वाचायला हवं होतं. मूळ व्यवस्थेला हात न लावता प्रोग्राम बसवणारं फ्लॅटपॅक किंवा डिस्ट्रोबॉक्स वापरा. आणि अक्षरं १२८० बाय ८०० च्या पडद्यावर नऊ पिक्सेलपेक्षा बुटकी ठेवू नका. संगणकावर वाचता येतात, हातात डोळे ताणावे लागतात.

अपूर्णांक

धूर वाचला आणि निर्णय झाला. @डेकवाला, तुम्ही माझं भविष्य सांगितलंत.

आर्डुबॉय. यंत्र यायचंय, तोवर आर्डेन्स एम्युलेटरवर सुरू करतो. @फिरकी, दांडा डोक्यातून गेलेला नाही, पण तो खेळ पूर्ण झाल्यानंतरचं बघू. @व्हीब्लँक, ते भोक मी एकदा तरी करून बघणार आहे, हे लिहून ठेवा.

अपूर्णांक

धागा वर काढतोय. पाचवा आठवडा चालू आहे. परत वाचा, पाचवा.

यंत्र आलं. क्रेडिट कार्डाएवढं आहे असं वाचलं होतं, तरी उघडल्यावर ‘एवढंच?’ असं तोंडातून निघालंच. सहा खोल्या खेळता येतात. खोल्या बिटांत भरल्या आणि प्रोग्मेममध्ये टाकल्या. कंपायलर सांगतो रॅम १,३९० बाइट गेली. पांढरे ठिपके अजून आलेले नाहीत, पण आले तर ओळखीन. मेनू नाही. चालू केलं की उंदीर उभा.

एक गोष्ट छळतेय. उजेड आकसताना गुळगुळीत आकसत नाही, झटके देतो. त्रिज्या २४ ची २३ झाली की कळत नाही, पण शेवटी ६ ची ५ होते तेव्हा एकदम कुणीतरी पडदा ओढल्यासारखं वाटतं. तेल दर सेकंदाला एक असं कमी करतो, म्हणजे त्रिज्याही एकानं. फ्लोट घेऊ का? भीती वाटते म्हणून आधी विचारतो.

दोन_किलोबाइट

फ्लोट नको. त्रिज्या साठवूच नका, त्रिज्येचा वर्ग साठवा. तुलना तुम्ही तसंही वर्गाशीच करताय ना? मग तेल म्हणजेच तो वर्ग. ५७६ पासून सुरू करा आणि दर सेकंदाला २४ वेळा एकेकानं कमी करा. २४ सेकंदांत शून्यावर येतो, तुमच्या आत्ताच्या हिशेबाइतकाच वेळ. ६ आणि ५ च्या मध्ये आता ३६ ते २५ अशा अकरा पायऱ्या मिळतील. तेल जेवढं जळेल तेवढंच उजेडाचं क्षेत्रफळ घटेल, खऱ्या दिव्यासारखं. आणि एक गुणाकार वाचतो तो वेगळाच.

अपूर्णांक

एक ओळ खोडली, एक बदलली. सातवी खोली काढतोय.